दोन दारांमधला पेपर

"भाऊ, मला परत आत जायचंय."

मी जेलसमोरच्या कडुलिंबाखाली स्कूटरवर बसून शेंगदाणे खात होतो. मान वर केली तर एक उंच माणूस समोर उभा. अंगात चौकटीचा जुना शर्ट, खांद्यात घट्ट आणि पोटावर सैल. हातात कापडी पिशवी, तिच्यातून पुस्तकांचे कोपरे वर आलेले.

"कुठे आत?" मी विचारलं.

त्यानं जेलच्या दाराकडे बोट केलं.

"कुणाला भेटायला आलात?"

"नाही. मी आतलाच. म्हणजे होतो. बारा वाजता सुटलो." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "तुम्ही लोणारे बाईंचे मालक ना? किती वाजले?"

"पावणेदोन."

"बाई गेल्या आत?"

"दहा मिनिटं झाली."

तो तिथंच मातीत बसला. "मी कोपऱ्यावरच्या बूथमध्ये होतो. भावाला फोन लावत होतो. बाईंची वाट बघत दीड तास या दारात उभा होतो, आणि नेमका तेवढ्यात गेलो."

ही दोन हजार सात सालच्या मे महिन्यातली गोष्ट. माझी बायको प्रमिला शहरातल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची आणि जेलमधलं मुक्त विद्यापीठाचं केंद्र चालवायची. आतल्या लोकांना बी.ए. करता यायचं. दर शनिवारी ती शिकवायला जायची आणि परीक्षेच्या दिवसांत रोज. मी तिला स्कूटरवर सोडायचो आणि बाहेर थांबायचो. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, ते शनिवारी दुपारी बंद ठेवायचो. सहा वर्षांत मी एकदाही आत गेलो नव्हतो. पण घरी ताटावर त्या सगळ्यांची नावं ऐकून पाठ झाली होती.

"तुम्ही हिरामण वाघचौरे का?"

"हो."

"मग सुटलात ना. चांगलं झालं की. घरी जा."

"दोन वाजता माझा शेवटचा पेपर आहे," तो म्हणाला. "लोकप्रशासन. हा दिला की बी.ए. झालं. नाही दिला तर काहीच नाही."

"पुढच्या वेळी द्या."

"पुढची वेळ नाही. माझ्या नोंदणीची मुदत याच परीक्षेला संपते. मधे दोन वर्षं मला दुसऱ्या जेलला पाठवलं होतं, तिथं केंद्रच नव्हतं. आता हा गेला तर पहिल्या वर्षापासून नवीन प्रवेश. बेचाळीस वय आहे माझं, भाऊ. बाहेर गेल्यावर मला पोट भरायचंय. परत सगळं होणार नाही माझ्याच्यानं."

मी विचारलं की पेपर दोन वाजता आहे तर बारा वाजता सुटायची घाई कुणाला झाली होती.

"बाईंनाच," तो म्हणाला. हसला नाही. "आत परीक्षा पास झालं की शिक्षेत माफीचे दिवस मिळतात. माझे दोन वर्षांचे लावायचे राहिले होते. बाई वर्षभर त्या अर्जामागं होत्या. पुण्यापर्यंत गेल्या. काल मंजूर झाले. ते धरले तर माझी शिक्षा आजच संपते. उद्या संपली असती तर काही प्रश्नच नव्हता."

त्यानं माणूस मारला होता, हेही मला ठाऊक होतं. भावकीतल्या भांडणात. दहा वर्षांची शिक्षा झाली होती. आता तो माझ्या स्कूटरच्या चाकाशी बसून पिशवीतून पेन काढून बघत होता की चालतंय का.

"चला," मी म्हटलं.

मेन गेट म्हणजे ट्रक जाईल एवढं लोखंडी दार आणि त्यातच माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. दिंडीत मुलाणी हवालदार उभे होते. सहा वर्षांत आमची लांबून हात करण्यापुरती ओळख.

"काय मालक, आज सावली सोडून उन्हात?" मग त्यांना माझ्यामागं हिरामण दिसला. "तू अजून इथंच? अरे, इथून लोक पळून जातात."

"हवालदार, पेपर आहे माझा."

"माहीत आहे. सकाळपासून सगळ्या जेलला माहीत आहे." मुलाणी मला सांगायला लागले. "सकाळी डोईफोडे साहेबांचे पाय धरले यानं. म्हणे संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या. साहेब म्हणाले, एक तास जास्त ठेवला तर तू बाहेर आणि मी आत."

"तेव्हा ठेवता आलं नाही, ठीक आहे," मी म्हटलं. "आता घ्या की आत."

"कशावर घेऊ? आत घ्यायला कोर्टाचा कागद लागतो. याच्याजवळ बाहेर जायचा कागद आहे. याला म्हटलं एखादा गुन्हा करून ये, तरी अडीचपर्यंत जमायचं नाही. ठाण्यात नुसतं लिहून घ्यायलाच चार तास लावतात."

मला हसू आलं. हिरामणला आलं नाही.

"अडीच का म्हणता?"

"बाई रोज ओरडत असतात ना. अर्धा तास उशीर चालतो, त्यानंतर देव आला तरी बसू देणार नाही."

प्रमिलाचा मोबाइल गेटवरच जमा होता, मुलाण्यांच्या खणात. मी शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर चिठ्ठी लिहिली. मुलाण्यांनी ती एका शिपायाबरोबर आत पाठवली. आम्ही तिघं दिंडीच्या दोन बाजूंना उभे. दोन वाजून गेले. आत घंटा झाली. हिरामणनं डोळे मिटून घेतले.

दोन पाचला चिठ्ठी परत आली. मागच्या बाजूला प्रमिलाचं अक्षर होतं. "पाकीट फोडलंय, मला बाहेर येता येत नाही. दुसऱ्या केंद्रावर बसवायला आधी लेखी परवानगी लागते, ती आता मिळणार नाही. त्याची उत्तरपत्रिका मी काढून ठेवली आहे. अडीचच्या आत जेलमध्ये कुठेही हजर करा, मी पेपर देते. डोईफोडे साहेब जेवायला घरी गेलेत. पळा."

खाली 'पळा' ला दोन रेघा.

तुरुंगाधिकारी डोईफोडे साहेबांचं घर जेलच्या भिंतीला वळसा घालून मागे होतं. मी स्कूटर सुरू केली. हिरामण मागं बसला आणि त्यानं मला दोन्ही हातांनी असं धरलं की मला श्वास घेता येईना.

"इतकं घट्ट नको."

"पावणेआठ वर्षांनी गाडीवर बसलोय."

"पडणार नाही."

"पडायचं नाही भाऊ, वेगाचं वाटतंय."

मी तीसवर होतो.

डोईफोडे साहेब बनियनवर जेवत होते. बाईसाहेबांनी दार उघडलं, हिरामणला बघितलं आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, तुमचा एक आलाय."

"माझा नाही तो," साहेब आतून म्हणाले. "बारा वाजता सही करून दिलाय."

आम्ही उंबऱ्यावर उभे राहिलो. मी सगळं सांगायला लागलो तर त्यांनी डाव्या हातानं थांबवलं.

"लोणारे, मला सगळं ठाऊक आहे. मी काय वैरी आहे का याचा? काल संध्याकाळी सात वाजता आदेश आला. त्याच मिनिटाला मी बाईंच्या घरी फोन केला. म्हटलं, वाघचौरे उद्या सुटतोय, बाईंनी रात्रीतून विद्यापीठात कुणाला तरी गाठावं, शहरातलं केंद्र मिळतंय का बघावं. कुणीतरी पुरुषमाणसानं फोन घेतला. सांगतो म्हणाला. मी माझं काम केलं."

साहेबांनी भाताचा घास घेतला. हिरामणनं माझ्याकडे बघितलं नाही. पण तो जरा बाजूला सरकला, मधे वीतभर जागा झाली.

तो फोन मी घेतला होता.

हे आजवर मी कुठं लिहिलेलं नाही. प्रमिला जाऊन आता चौदा महिने झाले. आता लिहायला हरकत नाही. फोन आला तेव्हा ती जेवत होती. आठवडाभरात पहिल्यांदा गरम जेवत होती. मी निरोप सांगितला असता तर ती हात धुऊन उठली असती आणि रात्री अकरापर्यंत फोनवर बसली असती. म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी चहाच्या वेळी ती म्हणाली की जूनपासून जेलमध्ये आणखी दोन विषय घेतलेत, आता रविवारीही जावं लागेल. मला राग आला. निरोप जिभेवर होता, तो मी गिळला. म्हटलं, जाऊ दे, तिथं गेल्यावर कळेलच तिला. त्या निरोपावर एका माणसाचा पेपर टांगलाय, एवढा विचार मी केला नाही. की केला होता, सांगता येत नाही.

"साहेब," हिरामण म्हणाला, "मला आत घेऊच नका."

"तेच तर सांगतोय मी."

"दोन दारांच्या मध्ये बसवा."

साहेबांचा हात ताटात थांबला.

"मी पाच वर्षं तिथं झाडू मारलाय," हिरामण बोलत होता, आता भराभर. "बाहेरचं दार आणि आतलं दार, त्याच्या मधली जागा. भाजीवाल्याची भाजी तिथं तपासतात. ठेकेदार तिथं बसतो. वकील येतात. गेटबुकात नाव लिहितात आणि जाताना खोडतात. त्यांतल्या एकालाही संध्याकाळच्या गिनतीत धरत नाहीत. मी तसाच. बाहेरचा माणूस, कामाला आलेला."

"काय काम लिहू?"

"पेपर."

साहेब चावत राहिले. "ती जागा जेलमध्ये येते का पण? उद्या विद्यापीठानं विचारलं तर?"

"पत्ता तोच आहे साहेब. पाटी बाहेरच्या दारावर आहे."

"आणि तू आत आलास असं कधी होतं?"

"दुसरं दार ओलांडलं तर."

बाईसाहेब मधेच म्हणाल्या, "द्या की लिहून. त्यात काय एवढं. ताक घेता का भाऊ?"

"घड्याळ किती?" साहेबांनी मला विचारलं.

"दोन अठरा."

त्यांनी उष्ट्या हातानंच खुणावून बाईसाहेबांकडून पॅड मागवलं आणि डाव्या हातानं तीन ओळी लिहिल्या. सही मात्र उजव्या हातानं करावी लागली, म्हणून उठून हात धुतला. तो हात धुतला तेवढा वेळ मला फार मोठा वाटला.

परत निघालो. आता हिरामणनं मला धरलंच नाही, स्टेपनीला धरलं होतं. भिंतीच्या वळणावर तो मागून म्हणाला, "भाऊ, तुमच्या घरी फोन कोण घेतं?"

"मीच घेतला होता. सांगितलं नाही मी. चूक झाली."

त्यानं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"बरं," तो म्हणाला. "आता जरा जोरात चला."

मी साठवर नेली. त्यानं मला परत दोन्ही हातांनी धरलं.

दोन चोवीसला आम्ही गेटवर. मुलाण्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, कपाळाला हात लावला, आणि गेटबुक उघडून लिहायला घेतलं. "नाव. गाव. येण्याचं कारण. अरे, याचं कारण काय लिहू?"

"पेपर," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

प्रमिला दोन अठ्ठावीसला आतल्या दारातून आली. पदर खोचलेला, हातात उत्तरपत्रिका, प्रश्नपत्रिका, हॉलतिकीट. आतल्या वर्गावर तिनं जेलच्या गुरुजींना, म्हणजे दुसऱ्या पर्यवेक्षकांना, बसवलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"सही कर. बैठक क्रमांक लिही. वेळ मी दोन अठ्ठावीस टाकते. पाच वाजता कागद काढून घेईन, एक मिनिट जास्त नाही."

"हो बाई."

आणि मुलाण्यांनी बाहेरची दिंडी लावली, आणि आतून प्रमिलाचा आवाज आला, "काही दिसत नाहीये."

त्या वर्षी आमच्याकडे दुपारी दोन ते पाच वीज नसायची. दोन्ही दारं बंद झाली की मधल्या जागेत विहिरीसारखा अंधार. मुलाण्यांनी दिंडी परत उघडली. उजेडाचा एक पट्टा आत गेला, भाजी तपासायच्या टेबलाच्या टोकापर्यंत. हिरामणनं स्टूल त्या पट्ट्यात ओढलं.

"उघडी ठेवतो," मुलाणी म्हणाले. "पण बाई, इथला नियम तुम्हाला माहीत आहे. दोन दारं एका वेळी उघडी राहत नाहीत. आतलं उघडायचं झालं की ही बंद करावी लागणार."

"किती वेळा उघडतं?"

"दुपारी कमी. आठदहा वेळा."

"लिही तू," प्रमिला हिरामणला म्हणाली.

मी बाहेर दिंडीपासून चार हातांवर उभा राहिलो. मुलाणी म्हणाले, "मालक, उजेडातून बाजूला." मी बाजूला झालो. तिथून मला हिरामणची पाठ दिसत होती आणि त्याच्या पलीकडे लोखंडी खुर्चीवर प्रमिला. चपला काढून पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवलेले. घरी ती पाच मिनिटं एका जागी बसायची नाही. फोडणी टाकता टाकता पेपर तपासायची. इथं ती अडीच तास बसली आणि एका माणसाच्या हाताकडे बघत राहिली. ती अशी बसते हे मला माहीत नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

पहिल्यांदा डॉक्टर आतून बाहेर आले. मुलाणी ओरडले, "दिंडी लावतो." अंधार. आतलं दार करकरलं, बंद झालं, मग दिंडी उघडली. हिरामण पेन हवेत धरून बसला होता. दुसऱ्यांदा रिकामे दुधाचे कॅन आले. तिसऱ्यांदा एक शिपाई, त्याला फक्त तंबाखू खायला बाहेर यायचं होतं. मुलाण्यांनी त्याला अशी शिवी घातली की प्रमिला खाकरली.

चौथ्या वेळेपासून हिरामण अंधारातही लिहायला लागला. दिंडी उघडली की त्याची ओळ तिरपी वर गेलेली दिसायची, तो ती बघायचा आणि पुढची सरळ लिहायचा.

मी प्रत्येक वेळचे सेकंद मोजत होतो. मुलाणीही मोजत होते. "पन्नास," ते म्हणायचे. "या वेळी चाळीसात केलं." आतल्या दाराच्या शिपायालाही आता कळलं होतं. माणूस आत असतानाच तो ओरडायचा, "तयार राहा, पटकन निघायचं." लोक त्या जागेतून पळत जायला लागले. एक वकील कोट सावरत पळाला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "आत काय चाललंय?"

"लोकप्रशासन," मी म्हटलं.

साडेचारला रस्त्यावर निळी गाडी वळली आणि मुलाणी म्हणाले, "मेलो."

कोर्टात तारखेला नेलेले कच्चे कैदी परत आले होते. अठरा जण, सहा पोलीस. ते सगळे आधी मधल्या जागेत घ्यायचे, बाहेरचं दार लावायचं, नावं वाचायची, मग आतलं दार उघडायचं. पंधरा मिनिटांचं काम. आणि टेबल बरोबर वाटेत.

"टेबल काढा," गाडीबरोबरचा पोलीस हवालदार म्हणाला.

"काढता येणार नाही," प्रमिला उठून म्हणाली. "परीक्षा चालू आहे."

"बाई, मला माणसं मोजून द्यायचीत."

"मग मोजा. हळू आवाजात."

"टेबल कोपऱ्यात तरी सरकवा."

मुलाण्यांनी माझ्याकडे बघितलं. "मालक, या."

अशा रीतीनं मी पहिल्यांदा आत गेलो. मी एक टोक धरलं, मुलाण्यांनी दुसरं. आम्ही टेबल उचलून तिरपे तिरपे कोपऱ्याकडे निघालो आणि हिरामण वाकून आमच्याबरोबर चालत लिहीत राहिला. प्रमिला त्याचं स्टूल घेऊन मागून येत होती. टेबल ठेवलं तेव्हा ती त्याला म्हणाली, "बस." तो बसला. त्याला आपण हललो हे कळलं होतं की नाही, देव जाणे.

अठरा माणसं आत आली. दार लागलं. अंधार. घामाचा, बिडीचा वास. कुणीतरी म्हणालं, "काय भानगड आहे?"

"पेपर चालू आहे," प्रमिलाचा आवाज. वर्गातला आवाज. "भिंतीला टेकून उभे राहा. कोणी बोलायचं नाही."

आणि अठरा माणसं भिंतीला टेकली. बेड्यांची साखळी वाजली, ती कुणीतरी हातात गोळा करून धरली. पोलीस हवालदारानं नावं वाचायला पट्ट्यातली बॅटरी काढली, लावली, आणि यादीवर धरायच्या आधी तिचा उजेड कोपऱ्यातल्या कागदावर पडला. हिरामणचा हात चालू होता. हवालदारानं बॅटरी तिथून हलवलीच नाही.

"यादी?" मुलाणी कुजबुजले.

"तोंडपाठ आहे," हवालदार म्हणाला. आणि तो अंधारात एकेक नाव हळू घ्यायला लागला, आणि एकेक जण तितकंच हळू "हजर" म्हणायला लागला.

माझ्याशेजारच्या पोरगेल्या कैद्यानं माझ्या कानात विचारलं, "कितवी?"

"पंधरावी."

"बापरे." मग जरा थांबून, "काय विचारलंय?"

तो मान लांब करून कागदाकडे बघायला लागला. प्रमिला म्हणाली, "कॉपी नको." पहिल्यांदा सगळे हसले, पण तोंडं दाबून.

आतलं दार उघडलं तेव्हा ते एकेक करून टाचा उचलून गेले. पोलीस हवालदाराची माणसं मोजून झाली होती, त्याला निघायला हरकत नव्हती. तो थांबला. पाच वाजेपर्यंत बॅटरी धरून उभा राहिला. मधेच हात बदलला.

पाचला प्रमिला म्हणाली, "पेन खाली."

हिरामणनं आणखी एक शब्द लिहिला. तिनं कागद ओढून घेतला. "खाली म्हटलं ना."

"पूर्णविराम होता बाई."

तिनं पुरवण्यांना दोरा बांधला, पानं मोजली आणि उत्तरपत्रिका छातीशी धरून आतल्या दारातून निघून गेली. पुढं पाकिटं बांधणं, सील, सह्या. आम्ही बाहेर आलो. मुलाण्यांनी गेटबुकात वेळ लिहिली. हिरामण उन्हात येऊन उभा राहिला आणि बोटं दाबायला लागला.

"कसा गेला?" मुलाण्यांनी विचारलं.

"तिसरा प्रश्न होता, प्रशासकीय दिरंगाईची कारणं उदाहरणांसह लिहा."

"मग?"

"सगळं आलं. पुरवणी घेतली त्याला."

मुलाणी हसता हसता खाली बसले. हिरामणचा भाऊ तेवढ्यात रिक्षातून उतरला. बारा वाजता सुटका झाल्याचं त्याला फोन आल्यावरच कळलं होतं, तो मिठी मारून रडायला लागला आणि हिरामण त्याला म्हणत होता, "अरे थांब, बाई येऊ देत." पण बाईंना यायला सहा वाजणार होते आणि दोघा भावांची एस. टी. साडेपाचची होती. जाताना तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, फोनबद्दल काही बोलेल.

"बाईंना सांगा, सगळे प्रश्न सोडवले," तो म्हणाला. "एवढा निरोप सांगा."

ऑगस्टमध्ये त्याचं कार्ड आलं. त्या पेपरात चव्वेचाळीस, चाळीसला पास. आता तो त्यांच्या तालुक्याच्या बाजार समितीत कारकून आहे. प्रमिला गेली तेव्हा आला होता, दोन दिवस राहिला, मांडवाच्या खुर्च्या मोजून परत केल्या.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

सहाला ती बाहेर आली, मोबाइल घेतला, स्कूटरवर मागं बसली. मी निरोप सांगितला. अक्षरशः तिचे पाय फुटरेस्टवर आपटत होते, इतकी खूश होती. चौकापर्यंत ती एकटीच बोलत होती. टेबल कसं उचललं, बॅटरीवाला कसा थांबला, गुरुजी आत कसे घाबरले. मीही बोलत होतो. आम्ही दोघं एकमेकांचं वाक्य तोडत होतो. असं आम्ही लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर बोललो नव्हतो.

सिग्नलला थांबलो. ती म्हणाली, "फोन तुम्ही घेतला होतात."

"डोईफोडे साहेब बोलले?"

"कुणी बोलायला कशाला पाहिजे? काल जेवताना फोन वाजलेला मी ऐकला होता, आणि आज माझ्या चिठ्ठीवर तुम्ही पळालात. बावीस वर्षांत माझी बस सुटत असताना पळाला नाहीत."

"मी निघालो तेव्हा मला आठवतच नव्हतं. साहेब बोलले तेव्हा…"

"हिरामणला सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"जोरात चला म्हणाला."

ती हसली. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली, मी निघालो. पुलावर वारा होता, म्हणून ती माझ्या कानाजवळ आली.

"काल रात्री जेवणावरून उठवलं नाहीत, ते कळतं मला," ती म्हणाली. "सकाळचं कळलं नाही."

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. रविवारचं, एकटं जेवायचं, दुकानातून आलं की घर बंद दिसतं त्याचं. त्यातलं काहीच त्या माणसाच्या पेपराएवढं नव्हतं, म्हणून मी बोललो नाही. तिनं परत विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही.

मागं बसली की ती माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवायची. तो तिनं घरापर्यंत काढला नाही.